दोन राज्यांचा सीमावाद आणि आपला औराद तालुका



महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील सीमावाद हा आपल्या घराघरांत बोलला जाणारा विषय आहे, पण तो तुकड्या-तुकड्यांनी बोलला जातो. बेळगावात काही घडले की दोन दिवस मोबाईलवर निरोपांचा पूर येतो. कोणी जुना नकाशा पाठवतो, कोणी भडक भाषण पाठवतो, आणि तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला लागतात. पुण्या-मुंबईला, हैदराबादला, बेंगळुरूला स्थायिक झालेली आपली मुले मात्र विचारत राहतात, "आपण नेमके कुठले? पुढे आपले काय होणार?" त्यांना तारखा आणि कारणांसह नीट उत्तर मिळावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. आम्ही आयुष्यभर बँकेत जमाखर्च पाहिला. तीच सवय इथेही वापरू. जमा काय, नावे काय आणि शेवटी शिल्लक काय, एवढेच पाहायचे आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. जमीन कोणत्या राज्यात असावी हा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल आपल्या हातात नाही. पण आपल्या मुलांची शाळा, आपले दाखले, आपल्या नदीचे पाणी आणि गावातला सलोखा हे चार विषय त्या दाव्याच्या निकालावर अडलेले नाहीत. ते आजच हाताळता येतात. मोठ्या दाव्याकडे डोळे लावून बसल्यामुळे हे चार विषय मागे पडत आहेत, ही आमची खरी चिंता आहे.

एका जिल्ह्याचे तीन वाटे

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली तेव्हा बिदर जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा नांदत होत्या आणि कोणत्याही एका भाषेचे निम्म्याहून अधिक लोक नव्हते. कचेरीची भाषा उर्दू, बाजाराची भाषा समोरच्या गिऱ्हाईकाप्रमाणे, आणि घरची भाषा ज्याची त्याची. भाषेवरून जिल्हा कोणाचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते, कारण विचारण्याची गरजच पडली नव्हती.

ती गरज भाषावार प्रांतरचनेने निर्माण केली. न्यायमूर्ती फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला. त्यात बिदर जिल्हा कर्नाटकालाही दिला नव्हता आणि मुंबई राज्यालाही नाही. तेलंगणातील जिल्ह्यांबरोबर तो हैदराबाद राज्यातच ठेवावा, अशी शिफारस होती. पुढे हैदराबाद राज्यच मोडले आणि शिफारस कागदावर राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तीन वाटे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. ते आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. जहीराबाद, नारायणखेडचा भाग आंध्रात गेला, तो आता तेलंगणात आहे. बिदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद हा उरलेला भाग म्हैसूर राज्यात आला. जुन्या कागदपत्रांत औराद तालुक्याच्या नावाबरोबर संतपूरचे नाव जोडलेले दिसते, हे आपल्या ज्येष्ठ सभासदांना माहीत आहेच.

या वाटणीत भाषेची रेघ सरळ पडली नाही, आणि पडणे शक्यही नव्हते. एक औराद आपल्याकडे राहिले, दुसरे औराद शहाजानी निलंगा तालुक्यात गेले. लेक उदगीरला दिलेली, सून देगलूरची, मामा नारायणखेडला, अशी आपली नाती एका रात्रीत तीन राज्यांची झाली. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आळंद तालुक्याची कथाही याहून फार वेगळी नाही.

दावा कुठे अडला आहे

बेळगावचा लढा आपल्याला ऐकून माहीत आहे. १७ जानेवारी १९५६ रोजी तिथे गोळीबार झाला आणि तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. सेनापती बापटांनी १९६६ मध्ये उपोषण केले, त्यानंतर केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांचा अहवाल आला. बेळगाव कर्नाटकातच राहावे, निपाणी-खानापूरकडील २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत भागातील गावे कर्नाटकाला द्यावीत, असा त्याचा मथितार्थ होता. महाराष्ट्राने तो नाकारला. कर्नाटकाने तो प्रमाण मानला आणि आजही मानतो.

महाराष्ट्राची बाजू चार कसोट्यांवर उभी आहे. गाव हा घटक धरावा, भौगोलिक सलगता पाहावी, भाषेचे बहुमत पाहावे आणि लोकांची इच्छा विचारात घ्यावी. या आधारावर २००४ साली महाराष्ट्राने घटनेच्या कलम १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात थेट दावा दाखल केला. कर्नाटकाची बाजू अशी की राज्याची हद्द बदलण्याचा अधिकार कलम ३ प्रमाणे फक्त संसदेला आहे, न्यायालयाला नाही, आणि १९५६ चा निर्णय संसदेने विचारपूर्वक घेतलेला आहे. दोन्ही बाजूंना कायद्याचा आधार आहे. म्हणून "निकाल आपल्याच बाजूने लागणार" असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर, तो कोणत्याही भाषेत बोलत असो, जरा बेतानेच विश्वास ठेवावा.

दावा दाखल होऊन वीस वर्षे उलटली. तेव्हा पहिलीत असलेले मूल आज नोकरी करते आहे. न्यायालयात अडकलेल्या दाव्यावर व्याज चढत नाही असे वाटते, पण चढते. ते सीमेवरच्या एका पूर्ण पिढीने भरले आहे.

भांडण वर, भुर्दंड खाली

मागील काही वर्षांत या वादाचे दोन मोठे भडके उडाले. नोव्हेंबर-डिसेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातील गावांवर कर्नाटकाने हक्क सांगितला, महाराष्ट्राच्या मंत्र्यांचा बेळगाव दौरा आखला गेला आणि रद्द झाला, बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई या दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी कोणाच्या भूभागावर दावा सांगू नये आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी बसून छोटे प्रश्न सोडवावेत, असे ठरले. त्यानंतर दोन आठवडेही गेले नाहीत तोच आधी कर्नाटकाच्या विधानसभेने आणि मग २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आपापल्या बाजूचे ठराव एकमताने मंजूर केले. महाराष्ट्राच्या ठरावात बेळगाव, कारवार, निपाणी यांच्याबरोबर बिदर आणि भालकी यांची नावे आहेत, आणि एकूण ८६५ गावांचा उल्लेख आहे.

दुसरा भडका फेब्रुवारी २०२५ चा. बेळगावजवळ भाषेवरून एका बसवाहकाला मारहाण झाली. त्याचे पडसाद चित्रदुर्गात उमटले, तिथे महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळे फासण्यात आले, आणि काही दिवस दोन्ही राज्यांतील बससेवा विस्कळीत झाली.

या दोन्ही प्रसंगांत मार कोणी खाल्ला ते पाहा. ट्रकचालक, बसचा वाहक, बसचा चालक. ठराव करणाऱ्यांपैकी कोणाच्या अंगाला खरचटले नाही. बस बंद झाली की उदगीरच्या दवाखान्यातली तारीख चुकते, देगलूरच्या बाजारातला माल पडून राहतो, लग्नाची वऱ्हाडे अडकतात. हा खर्च कोणत्याही सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, तो आपल्या घरच्या वहीत दिसतो.

बोलणी करायला टेबलच नाही

इथे एक बाब फारशी कोणी सांगत नाही, ती सभासदांनी लक्षात घ्यावी. ज्या १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आपली वाटणी केली, त्याच कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. शेजारच्या राज्यांनी नियमित एकत्र बसावे आणि सीमावाद, भाषिक अल्पसंख्याक व आंतरराज्य वाहतूक या विषयांवर चर्चा करावी, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आपले दुखणे आणि त्यावरचे औषध एकाच कायद्यात आहे.

अडचण अशी की महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आहे, गुजरात आणि गोव्याबरोबर. कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत आहे, आंध्र, तेलंगणा, तामिळनाडू आणि केरळबरोबर. ज्या दोन राज्यांचा सर्वांत जुना वाद आहे ती दोन राज्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसतात. दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची सोय कायद्यात आहे, पण ती कोणी मागितली पाहिजे. बोलणी भडका उडाल्यावर दिल्लीत होतात आणि भडका विझला की संपतात. बँकेत आम्ही पाहिले आहे की कर्जदार आणि शाखा दर तिमाहीला बोलत राहिले तर खाते सहसा थकत नाही. वर्षानुवर्षे भेट नाही आणि एकदम नोटीस, असे झाले की ते खाते वसुलीला जाते.

बाहेरच्या जगात काय घडले

शेजाऱ्यांचे संबंध बिघडले की सीमेवरच्या माणसाचे काय होते, याचा ताजा नमुना पश्चिम आफ्रिकेत आहे. नायजर या देशात जुलै २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. शेजारच्या देशांच्या संघटनेने निर्बंध लादले आणि बेनिनने सीमा बंद केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्बंध उठले, तर आता नायजरने आपल्या बाजूने सीमा उघडायला नकार दिला. नायजरला समुद्र नाही, त्याचा माल बेनिनमधील कोटोनू बंदरातून येतो. दोन्ही देशांमध्ये नायजर नदी आहे, तिच्या एका काठाला मालानव्हिल आणि दुसऱ्या काठाला गाया. दोन्हीकडचे लोक एकमेकांची भाषा बोलतात, एकमेकांत सोयरिक करतात. पूल बंद, म्हणून माणसे आणि पोती होड्यांतून नदी ओलांडू लागली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये नायजर, माली आणि बुर्किना फासो हे तिन्ही देश त्या संघटनेतूनच बाहेर पडले. तिथल्या सीमा युरोपातील सत्तांनी आखल्या, आपल्या सीमा आपल्याच संसदेने आखल्या, एवढा फरक आहे. पण पूल बंद झाला की होडीत बसणारा माणूस दोन्हीकडे सारखाच.

दुसरे उदाहरण न्यायालयाच्या निकालाचे. बाकासी नावाच्या द्वीपकल्पावरून नायजेरिया आणि कॅमेरून भांडत होते. ऑक्टोबर २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते कॅमेरूनला दिले. तिथे राहणारे बहुतेक मच्छीमार मात्र नायजेरियाचे होते. निकाल लागला म्हणून प्रश्न सुटला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने मिश्र आयोग नेमावा लागला, २००६ मध्ये करार झाला आणि ऑगस्ट २००८ मध्ये ताबा बदलला. करारात रहिवाशांच्या हक्कांची कलमे होती, तरीही अनेक कुटुंबे तिथून उठून गेली. यातून घ्यायचा धडा हा की निकालाने नकाशावरची रेघ हलते, माणसांची भाषा आणि उदरनिर्वाह हलत नाही. रेघ हलण्याआधी किंवा न हलताही माणसांचे हक्क लेखी आणि अंमलात असावे लागतात.

आपल्याच देशात वाद मिटल्याचेही दाखले आहेत. आंध्र आणि मद्रास यांच्यातील सीमावाद हरिभाऊ पाटसकर या मराठी कायदेपंडिताच्या मध्यस्थीने सुटला. दोन्ही राज्यांनी त्यांचा निवाडा मान्य केला, संसदेने १९५९ मध्ये कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून गावांची अदलाबदल झाली. महाराष्ट्र आज ज्या कसोट्या मांडतो त्या बऱ्याच अंशी पाटसकरांच्याच आहेत. आसाम आणि मेघालय यांनी मार्च २०२२ मध्ये बारापैकी सहा वादग्रस्त भागांचा समझोता केला. सगळे एकदम सोडवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, सोपे आधी घेतले. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. निवाड्याआधी दोन्ही पक्षांनी निवाडा मानण्याची तयारी दाखवली होती. आपल्याकडे नेमकी तीच नाही.

बिदर म्हणजे बेळगाव नव्हे

आता आपल्या घरचा हिशेब. आपल्या मंडळातच या विषयावर दोन मते आहेत, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ज्येष्ठांपैकी बरेच जण म्हणतात की आपली नाळ मराठवाड्याशी आहे, आपण तिकडेच असायला हवे होते. तरुणांपैकी बरेच जण म्हणतात की आता इथेच बरे. दोघांच्याही म्हणण्याला कारण आहे.

तरुणांचे कारण म्हणजे कलम ३७१ जे. ९८ व्या घटनादुरुस्तीने ते आले आणि हैदराबाद-कर्नाटक भागाला, ज्याला २०१९ पासून कल्याण कर्नाटक म्हणतात, खास दर्जा मिळाला. या भागातील सरकारी नोकऱ्यांत आणि उच्च शिक्षणाच्या जागांत स्थानिकांसाठी मोठा वाटा राखीव आहे. राज्याच्या इतर भागांतील संस्थांतही आपल्या मुलांसाठी ८ टक्के जागा आहेत. बिदरचे वैद्यकीय महाविद्यालय असो की बेंगळुरूचे अभियांत्रिकी, या दाखल्याने आपल्या कितीतरी घरांतली मुले आत गेली. पलीकडे मराठवाड्यासाठीही घटनेत कलम ३७१ (२) आहे, त्याखाली वैधानिक विकास मंडळ होते, त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. ज्या दिवशी तालुका महाराष्ट्रात जाईल त्या दिवशी ३७१ जे चा दाखला निरुपयोगी होईल. हे बोलणाऱ्या मुलाला कोणी "मराठी बाणा नाही" म्हणून हिणवू नये. तो आपला जमाखर्च मांडतो आहे.

ज्येष्ठांचे कारण भाषा आणि बाजार. आपला कल उदगीर, लातूर, देगलूरकडे आहे, तिथल्या आडतीला आपली तूर आणि सोयाबीन जाते. मराठी शिकलेल्या मुलाला पुढचे शिक्षण तिकडे मिळते. आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना अजूनही माहीत नाही. वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांत वेगळी सोय ठेवली आहे. म्हणजे वाद सुटलेला नाही तोवर आपल्या मुलाला दोन्ही दरवाजे उघडे असू शकतात. मात्र त्यासाठी दोन्हीकडची कागदपत्रे वेळेत तयार हवीत. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला धावून काही मिळत नाही.

बेळगावची गोष्ट वेगळी आहे. तिथे मराठी समाज एका शहरात आणि भोवतीच्या गावांत एकवटलेला आहे, तिथे महाराष्ट्र एकीकरण समिती आहे, २०१२ पासून सुवर्ण विधान सौध उभे आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या प्रतिष्ठेची ती जागा झाली आहे. आपल्याकडे एकाच गल्लीत मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरे आहेत. गाव हा घटक धरला तरी गावाच्या आत रेघ कशी ओढणार? म्हणून बेळगावचा आवेश जसाच्या तसा औरादला आणला तर तो आपल्याच उंबऱ्यात भांडण आणेल. बेळगावच्या बांधवांविषयी आपुलकी असावी, त्यांच्या हक्कांना पाठिंबा असावा, पण त्यांची रणनीती ही आपली रणनीती होऊ शकत नाही.

वाट पाहू शकत नाहीत असे चार विषय

पहिला विषय शाळेचा. घटनेचे कलम ३५० अ सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. शाळेत एखाद्या भाषेची ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेतून शिकवण्याची व्यवस्था व्हावी, हे सूत्र १९४९ पासून मान्य आहे. म्हणजे मराठी शाळेचे भवितव्य भाषणांवर ठरत नाही, पटावर ठरते. आणि पट का घसरतो आहे? त्याचे एक कारण शिक्षकांची रिकामी पदे हे आहे. दुसरे कारण आपणच आहोत. आपल्यापैकी ज्यांना परवडते त्यांनी मुले इंग्रजी शाळेत घातली आणि मराठी शाळा वाचवण्याचे काम ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर सोडले. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. मात्र पट दहाच्या खाली गेल्यावर कलम दाखवून उपयोग होत नाही.

इथे कन्नडचाही विचार झाला पाहिजे. कर्नाटकात २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने प्रत्येक शाळेत कन्नड शिकवणे सक्तीचे आहे. हे ओझे न मानता हत्यार मानावे. तहसील, पोलीस ठाणे, पंचायत, सगळीकडे कागद कन्नडमध्ये आहे. ज्याला तो वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. पहाणीवर काय लिहिले आहे हे न कळता सही करणारे किती शेतकरी आम्ही कर्जाच्या टेबलावर पाहिले, त्याची गणती नाही. कन्नड येणे म्हणजे मराठी सोडणे नव्हे.

दुसरा विषय दाखले आणि नोटिसांचा. केंद्राच्या १९५६ च्या निवेदनाप्रमाणे ज्या भागात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाचे लोक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत. ही सवलत आहे, ती मागावी लागते. कलम ३५० ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त हे पद आहे, त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो. तिथे मोर्चा चालत नाही, माहिती चालते. कोणत्या गावात किती मराठी कुटुंबे, किती मुले, किती शिक्षक, कोणती नोटीस कोणत्या भाषेत आली, असे तक्ते लागतात.

तिसरा विषय पाण्याचा. मांजरा बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरमधून येते, आपल्या भालकी-औरादच्या शिवारांतून जाते आणि तेलंगणात शिरते. धनेगावचे धरण भरून दरवाजे उघडले की आपल्या नदीकाठच्या पिकात पाणी. धरण रिकामे राहिले की आपली नदी कोरडी. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी आपल्याकडेही काही वेगळे नव्हते. गोदावरी खोऱ्याच्या पाण्याचे वाटप लवादाने १९८० मध्ये ठरवून दिले आहे, तो वाद इथे नाही. मागणी साधी आहे. दरवाजे उघडण्याची सूचना लातूरच्या कचेरीतून थेट भालकी आणि औरादच्या तहसीलला, दोन्ही भाषांत, वेळेवर यावी. पुराचे पाणी येताना राज्याची हद्द विचारत नाही. सूचना मात्र हद्दीवर थांबते.

चौथा विषय सलोख्याचा. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटक सरकारने मराठा विकास निगम जाहीर केला आणि ५० कोटी रुपये घोषित केले. कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती, त्यामुळे घोषणेचा हेतू कोणता हा प्रश्न दोन्हीकडून विचारला गेला. अशा वेळी आपल्या गावात दोन भाषिकांमध्ये काही झाले नाही, ही साधी गोष्ट नाही. बसवेश्वरांच्या कल्याणला मराठी माणूस जातो आणि आषाढीला कानडी मुलखातल्या दिंड्या पंढरपूरला जातात. हा ठेवा कोणत्याही सरकारने दिलेला नाही, म्हणून कोणत्याही सरकारला तो काढून घेऊ देऊ नये. आणि न्याय दोन्हीकडे सारखा हवा. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरातील कन्नड शाळांना महाराष्ट्राने शिक्षक द्यावेत, असेही आपण म्हटले पाहिजे. तिथे गप्प आणि इथे मोठा आवाज असेल तर आपल्या मागणीचे वजन राहत नाही.

मंडळाने काय करावे

आमच्या सूचना थोड्या आहेत, पण करता येण्यासारख्या आहेत.

एक, येत्या जूनच्या आधी औराद, कमलनगर आणि भालकी तालुक्यांतील मराठी शाळांचा पट, शिक्षकांची मंजूर पदे आणि रिकामी पदे यांचा तक्ता करावा. निवृत्त शिक्षक सभासदांनी हे काम घ्यावे.

दोन, दहावी-बारावीच्या पालकांसाठी ३७१ जे चा दाखला आणि महाराष्ट्रातील सीमाभाग सवलतीची कागदपत्रे यांचे एक दिवसाचे मार्गदर्शन ठेवावे. आम्ही आणि आमच्यासारखे निवृत्त कर्मचारी त्यासाठी बसायला तयार आहोत.

तीन, शेजारच्या कन्नड संघटनेला सोबत घेऊन एक निवेदन करावे. मांजरेच्या पुराची सूचना, दोन राज्यांत जमीन असलेल्या शेतकऱ्यांच्या अडचणी आणि बससेवा बंद न करण्याची हमी, हे तीन मुद्दे त्यात असावेत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये आणि कर्नाटकाने २०१८ मध्ये कर्जमाफी दिली. ज्याचा एक तुकडा सातबारावर आणि दुसरा पहाणीवर, त्याला दोन्हीकडचे नियम वेगवेगळे लागले. हा प्रश्न मराठीचाही नाही आणि कन्नडचाही नाही, तो शेतकऱ्याचा आहे. तीन-तीन मंत्र्यांच्या समितीपुढे आणि विभागीय परिषदांच्या संयुक्त बैठकीत हे विषय घ्यावेत, अशी विनंती त्यात करावी.

चार, मंडळाच्या खोलीत सुटीच्या दिवशी दोन वर्ग चालावेत. आपल्या मुलांना कन्नड आणि ज्यांना हवे असेल त्या शेजाऱ्यांच्या मुलांना मराठी.

पाच, भडक्याच्या दिवसांत खात्री नसलेला एकही निरोप पुढे पाठवायचा नाही, एवढा नियम प्रत्येक घराने पाळावा. डिसेंबर २०२२ च्या दिल्लीतील बैठकीत खोट्या खात्यांवरून आलेल्या निरोपांचा विषय निघाला होता, हे आठवावे.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उद्या लागेल किंवा आणखी वीस वर्षे लागेल. तो कोणत्याही बाजूने लागला तरी त्या दिवशी आपल्या मुलाला मराठी वाचता येते का, कन्नड कागद कळतो का, त्याच्या हातात दाखला आहे का आणि शेजारी त्याच्याशी बोलतो का, हे चार प्रश्न उरतीलच. त्यांची उत्तरे दिल्लीहून येणार नाहीत. ज्या सभासदांना शाळांच्या तक्त्याच्या कामात यायचे आहे त्यांनी मंडळाच्या पुढील मासिक सभेत नाव द्यावे. भालकी आणि कमलनगरच्या सभासदांनी आपापल्या गावच्या शाळेपासून सुरुवात केली तरी पुष्कळ झाले.